अंगी लागणं

बहल्याच्या अलीकडे, डांबर संपून खडी लागते
तिथे आमच्या चार शेड.
खजुराच्या कारखान्यातून मंगळवारी ट्रक येतो
नुसत्या बियांचा.
ओतताना पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज,
आणि वर कोरडं आकाश.

सालिम हिनाईंचे वडील या बिया भिजवून
उंटांना घालत.
"उंटाला चालतं ते कोंबडीला का नाही?"
त्यांनी विचारलं, मक्याच्या भावाचा कागद पुढे सरकवून.
मी म्हणालो, उंट रात्रभर रवंथ करतो.
हिला रवंथ नाही, दात नाहीत,
आणि वेळ तर मुळीच नाही.
हिच्या हाती पस्तीस दिवस.

तरी दळल्या. शंभर किलोत दहा.
नवव्या दिवशी लिटर ओलं,
शीट बुटाला खळीसारखी चिकटणारी,
डोळ्यांत अमोनिया.
पिल्लं खात होती, खातच होती,
काटा ढिम्म.

मुरगूडला काकी कुणाच्याही पोराकडं बघून म्हणायची,
खातंय लई, अंगी लागत न्हाई.
परीक्षेत मी याचंच उत्तर तीन पानं लिहिलं होतं:
तंतू, पेशींच्या भिंती,
आतड्यात घट्ट होणारा रस.
सोळापैकी अकरा मिळाले.

मग मस्कतहून पांढरी पूड आली.
शाळेत विकर म्हणायचे, पोत्यावर एन्झाइम,
खाली नाव: मॅननेज.
मोफिजुलनं वाचलं, मॅनेज.
"बरोबरच आहे," म्हणाला, "इथे सगळं त्यावरच चालतं."

ती आम्ही गोळी पाडायच्या आधी मिसळली.
यंत्रात नव्वद अंशांची वाफ.
पूड मेली.
मेली तरी कसं म्हणू, जिवंत नव्हतीच ती.
घडी मोडली तिची, एवढंच.
पण त्या घडीतच तिचं काम होतं.
पिल्लांना काही कळलं नाही.
लिटर तसंच ओलं. माझी बोलणी खाऊन झाली.

दुसऱ्या खेपेला पातळ औषध, कॅनमधून.
थंड जागी ठेवा.
थंड जागा एकच, आमच्या खोलीतला फ्रीज.
मोफिजुलची शुटकी, माझा ठेचा,
मध्ये ते कॅन, चार भाषांत लिहिलेलं: पिऊ नये.
पहाटे चारला, गोळी निवली की
वरून बारीक फवारा.
ताजी गोळी हातात घेतली की
भाजक्या बियांचा, थोडासा कॉफीचा वास यायचा.

शेड तीनला नुसत्या बिया. शेड चारला बिया आणि फवारा.
पस्तिसाव्या रात्री, निळ्या दिव्यात,
दोन्हीकडचे पन्नास पन्नास पक्षी तोलले.
चारमध्ये पायाखाली लिटर भुरभुरत होतं.
तो आवाज ऐकूनच मोफिजुल हसला,
वजनं नंतर लिहिली.
पक्ष्यामागे नव्वद ग्रॅम जास्त.

सालिम हिनाई गाडीतून उतरले नाहीत.
काच खाली करून म्हणाले, "काय घातलंस त्यात?"
अंगी लागेल असं काहीच नाही.
होतं ते बीमध्येच होतं. फक्त दार लागलेलं.
त्यांच्या तोंडात खजूर होता.
बी काढून त्यांनी दिव्याकडे धरली,
थुंकायची सवय साठ वर्षांची.
मग ॲशट्रेत ठेवली, हळूच.

दोन वाजता पिंजऱ्यांचा ट्रक लागला.
त्या नव्वद ग्रॅमचं आयुष्य तेवढंच.
मी वळून पाहिलं नाही, असं नाही.
पाहिलं. मग चुना मारायला घेतला.

सकाळी वैजयंताचा फोन.
नव्वद ग्रॅम, मी म्हणालो.
"एकेकाला? पक्षी किती?"
बावीस हजार.
पलीकडे कढईत उलथनं थांबलं.
"म्हणजे दोन टनाला वीस किलो कमी,"
आणि लगेच, त्याच आवाजात,
"आणि तुमचं? तुमचं किती भरलं?"

आमचा काटा पक्ष्यांचा आहे, मी म्हणालो.
पंधरा किलोच्या पुढे तो काही दाखवत नाही.